पट्टेदार दगड: नाइस कोणता आणि लोहखडक कोणता? (ग्वाल्हेर-झाशी परिसर)

लष्करची लेक

नमस्कार मंडळी,

ग्वाल्हेरच्या बऱ्याच मराठी घरांत, तुळशीवृंदावनाच्या कडेला नाहीतर शोकेसमध्ये, पट्ट्यापट्ट्यांचा एखादा दगड सापडतोच. कुणी सांतऊला शीतला मातेच्या दर्शनाला जाताना उचललेला असतो, कुणी पारच्या टेकड्यांवरून, तर कुणाच्या पाहुण्यांनी झाशीपलीकडून, बबिन्याकडून आणलेला. 'हा दगड कोणता' या धाग्यावर अशा दगडांचे बरेच फोटो आले आणि जवळजवळ सगळ्यांना एकच उत्तर मिळालं: नाइस. त्यातले बरेच नाइस नाहीत, पट्टेदार लोहखडक आहेत. मी आयुष्यभर भूशास्त्र शिकवलं, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना. म्हणून हा वेगळा धागा.

नाइस हा रूपांतरित खडक. पाठ्यपुस्तकात त्याला पट्टिताश्म म्हणतात. मूळचा ग्रॅनाइट असो की चिखलाचा खडक, तो जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोल गेला, ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापला आणि दाबला गेला, की न वितळताच त्यातली खनिजं नव्याने वाढू लागतात. काळं अभ्रक आणि हॉर्नब्लेंड एका पट्टीत गोळा होतात, गारगोटी आणि फेल्स्पार दुसऱ्या पट्टीत. दाब ज्या दिशेने येतो तिला आडवे हे पट्टे पडतात. त्याआधी त्या खडकात थर असले, तरी ते इतके ओढले-दुमडले जातात की चिरोट्याच्या पदरांसारखी त्यांची गत होते: पदर दिसतात, पण ते लाटण्याने पडलेले असतात, एकावर एक साठून नव्हे.

पट्टेदार लोहखडक हा गाळाचा खडक. तो समुद्राच्या तळाशी साठला. पाण्यात विरघळलेलं लोह ऑक्साइड होऊन खाली बसलं, तो काळा-लाल पट्टा. सिलिका, म्हणजे गारगोटीचंच द्रव्य, बसली, तो चर्टचा पट्टा. त्यात लोहाची बारीक धूळ मिसळली की लाल जास्पर. असे थर एकावर एक. इथे पट्टा म्हणजे तळाशी साठण्याचा क्रम. खालचा पट्टा जुना, वरचा नवा. नाइसच्या पट्ट्यांबद्दल असं म्हणता येत नाही.

म्हणजे दिसायला सारख्या दोन गोष्टींची कारणं मुळातच निराळी आहेत. पट्टे दिसले की लगेच नाव देऊ नका; ते पट्टे कशाचे आहेत ते आधी बघा. भिंगातून नाइसमध्ये दाणे स्पष्ट दिसतात, एकमेकांत गुंतलेले. फेल्स्पारचे सपाट पापुद्रे उन्हात धरले की चमकतात, अभ्रक नखाने सुटतं. लोहखडकातल्या चर्टमध्ये दाणा दिसतच नाही. फोडला तर काचेसारखा वाकडा, धारदार भंग मिळतो. फेल्स्पार नाही, अभ्रक नाही. आणि हातात घेतल्यावर तो अपेक्षेपेक्षा जड लागतो. गारगोटीची घनता २.६५, तर लोहाच्या पट्ट्यातल्या हेमॅटाइट या लोह-ऑक्साइडच्या खनिजाची ५.२ च्या वर. मनगटाला तो फरक लगेच कळतो.

आपापले दगड काढा, बघा, इथे लिहा.


जयाजी चौक

ताई, छान धागा. किल्ल्याचा दगडही पट्ट्यापट्ट्यांचा आहे ना? उरवाई दरवाज्याच्या बाजूने वर जाताना तीर्थंकरांच्या मूर्तींमागे लाल-पिवळे पट्टे अगदी ठळक दिसतात. तो नाइस की लोहखडक?


लष्करची लेक

दोन्ही नाही. किल्ला ज्या गोपाचल टेकडीवर आहे, तिचा माथा विंध्य समूहाच्या वालुकाश्माचा आहे. गाळाचाच खडक, पण वाळूचा. त्यातला लाल-पिवळा रंग लोहाचाच, पण दाण्यांवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ लेप असतो इतकंच. दगड लालभडक व्हायला लोह अगदी थोडं पुरतं. लोहखडक म्हणायचं तर किती लोह हवं, याची मर्यादा एच. एल. जेम्स या भूवैज्ञानिकाने १९५४ साली घातली: किमान १५ टक्के. प्रत्यक्षात पट्टेदार लोहखडकात २० ते ४० टक्के असतं. किल्ल्याचा दगड त्याच्या जवळपासही येत नाही.

पंधराव्या शतकात तोमर राजांच्या काळात त्या प्रचंड मूर्ती उभ्या कड्यात कोरता आल्या, त्या या वालुकाश्मामुळेच. दाणे एकसारखे, थर जाड, छिन्नीला दाद देणारा. लोहखडकात कुणी मूर्ती कोरायला घेतली असती तर चर्टच्या पट्ट्यावर छिन्नी घसरली असती आणि लोहाच्या पट्ट्यावर कपचा उडाला असता. आपल्याकडची जुनी घरं ज्या पटियांनी, म्हणजे लांब दगडी फरशांनी, छावलेली आहेत, त्या पटियाही वालुकाश्माच्याच.

(आणि कृपा करून किल्ल्यावरून दगड उचलून आणू नका. संरक्षित जागा आहे.)


खाणकाका

माझी नोकरी लोहखनिजाच्या खाणींत झाली, बस्तरात आणि नंतर ओडिशाच्या बाजूला. ताईंचं बाकी सगळं पटलं, पण एका मुद्द्यावर मला हरकत घ्यायची आहे.

बैलाडिला काय किंवा नोआमुंडी काय, आम्ही ज्याला रोज भोकं पाडायचो तो दगड कागदोपत्री 'बँडेड हेमॅटाइट क्वार्टझाइट'. क्वार्टझाइट हा रूपांतरित खडक. त्या डोंगरांतले थर उभे झालेत, घड्या पडल्यात, कुठे कुठे एका हातभर तुकड्यात चार वळणं दिसतात. इतका पिळलेला खडक गाळाचा म्हणून कसा सांगायचा? आमच्या खात्यातले जुने लोक त्याला सरळ रूपांतरितांत धरायचे. माझ्या मते लोहखडक विरुद्ध रूपांतरित खडक अशी जोडी लावणंच थोडं अडचणीचं आहे. बरेचसे लोहखडक दोन्ही आहेत.


लष्करची लेक

काका, तुमचा मुद्दा बरोबर आहे, आणि तो इथे यायलाच हवा होता. भारतातले बहुतेक लोहखडक कमीअधिक भाजले-दाबले गेलेले आहेत. कर्नाटकातलं कुद्रेमुख घ्या: तिथलं मॅग्नेटाइट-क्वार्टझाइट (मॅग्नेटाइट म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोहाचं खनिज) चांगलंच रूपांतरित आहे. ब्राझीलमध्ये अशा खडकाला इटाबिराइट म्हणून वेगळंच नाव आहे. त्यांची सुरुवात गाळाची, पण आज हातात येतो तो रूपांतरित खडक. तो तसाच मोजावा.

म्हणूनच ग्वाल्हेरबद्दल मी इतक्या आग्रहाने लिहितेय. इथला लोहखडक त्या भट्टीतून गेलेलाच नाही म्हटलं तरी चालेल. पारच्या किंवा सांतऊच्या बाजूला उघडा कडा बघा. थर जवळजवळ आडवे, उत्तरेकडे किंचित कललेले. घड्या नाहीत. चर्ट अजून चर्टच आहे, दाणा डोळ्याला दिसत नाही. जास्पर अजून लाल आहे. हा लाल रंग फार महत्त्वाचा साक्षीदार आहे, कारण तो हेमॅटाइटच्या अतिसूक्ष्म धुळीचा असतो. खडक चांगला तापला की ती धूळ एकत्र येऊन मोठे, पोलादी चमकीचे स्फटिक होतात आणि लाली जाते. उरतात ते करड्या-काळ्या आणि पांढऱ्या, साखरेसारख्या दाणेदार पट्ट्या. सुमारे १८० ते २१० कोटी वर्षांपूर्वीचा गाळ इतका शाबूत राहणं ही साधी गोष्ट नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवर आहे. झाशीपुढे बबिना आणि मऊरानीपूरच्या पट्ट्यात बुंदेलखंडाच्या जुन्या खडकांत लोहखडक आहेत, ते ग्वाल्हेरच्या लोहखडकांपेक्षा कितीतरी जुने आणि रूपांतरित. त्यांत मॅग्नेटाइट आणि ग्रुनराइटसारखी अँफिबोल खनिजं तयार झाली आहेत. ती खनिजं समुद्राच्या तळाशी तयार होत नाहीत, खडक तापावा लागतो. दोन्ही तुकडे शेजारी ठेवले की काका म्हणतात तो प्रश्न डोळ्यांपुढे सुटतो. सुरुवात एकाच प्रकारची. एक अजून गाळाचा, दुसरा रूपांतरित.


खाणकाका

जास्परच्या लालीचं लक्षात आलं. आमच्याकडेही काही थरांना 'हेमॅटाइट जास्पर' म्हणत आणि ते दिसायला निराळे असायचे. ते कमी तापलेले, असं धरायचं तर.

एक व्यवहारातली गोष्ट सांगतो. लोक समजतात की हे पट्टेदार दगड म्हणजेच खनिज. तसं नाही. त्यात तीसेक टक्के लोह, बाकी सिलिका. भट्टीत तसाच घातला तर परवडत नाही. बैलाडिल्याचं खनिज साठ टक्क्यांवर जातं, कारण कोट्यवधी वर्षं पाणी झिरपून तिथली सिलिका निघून गेली आणि लोह मागे राहिलं. पट्टेदार खडक हा आई, खनिज त्याचं लेकरू. अमेरिकेत मिनेसोटाच्या मेसाबी भागात चांगलं खनिज सरत आलं तेव्हा त्यांनी उरलेला पट्टेदार खडकच, टॅकोनाइट, दळून चुंबकाने लोह वेगळं काढायला आणि त्याच्या गोळ्या करायला सुरुवात केली. १९५० च्या दशकात ते मोठ्या प्रमाणावर चालू झालं. पण त्यासाठी खडकात मॅग्नेटाइट हवं. हेमॅटाइटला साधा चुंबक कामाचा नाही.


पेठेतला भूगोल

पुण्याहून. आजोळ ग्वाल्हेर, शिंद्यांच्या छावणीत.

आम्हा महाराष्ट्रातल्यांना लोहाचा दगड म्हटला की जांभा आठवतो. तो कुठे बसतो? आणि सूरजागड, रेडी हे कुठल्या प्रकारात?


लष्करची लेक

जांभा तिसराच. तो समुद्रात साठलेला नाही आणि दाबाखाली बदललेलाही नाही. उष्ण, पावसाळी हवेत खडक जागच्या जागी कुजला, विरघळणारं सगळं वाहून गेलं, लोह आणि ॲल्युमिनिअम मागे राहिलं, तो जांभा. पट्टे नाहीत, भोकं असतात. कोकणात तो कापून चिरे काढता येतात, कारण ताजा जांभा मऊ असतो आणि उघड्यावर कडक होतो.

गडचिरोलीचं सूरजागड आणि सिंधुदुर्गातलं रेडी ही दोन्ही पट्टेदार लोहखडकाच्या घराण्यातली, काका म्हणाले तशी रूपांतरित. रेडीला वरून जांभ्याचं पांघरूण आहे, म्हणून लोकांची गल्लत होते.


अकरावी विज्ञान

ताई, मी मुरारला राहते. एक प्रश्न: समुद्रात एवढं लोह आलं कुठून? आजच्या समुद्रात का नाही? आणि लोह आणि सिलिका एकदम न बसता पट्ट्यापट्ट्यांत का बसले?


लष्करची लेक

बाळा, तू नेमका तोच प्रश्न विचारलास ज्यासाठी या दगडाला मी इतकं मानते. सावकाश वाच.

लोहाची दोन रूपं लक्षात ठेव. ऑक्सिजन नसेल तर लोह फेरस रूपात राहतं आणि पाण्यात चांगलं विरघळतं. ऑक्सिजन मिळाला की फेरिक होतं आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, लाल गाळ होऊन बसतं. नळाच्या तोटीखाली लाल डाग पडतो तो याच कारणाने. आजच्या समुद्रात ऑक्सिजन भरपूर, म्हणून लोह विरघळून राहूच शकत नाही. तेव्हा तसं नव्हतं. समुद्रतळाच्या भेगांमधून गरम पाण्याबरोबर लोह येत होतं आणि ऑक्सिजन नसलेल्या खोल पाण्यात साठून राहत होतं.

सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन टिकून राहू लागला. तो सायनोबॅक्टेरिया नावाच्या सूक्ष्मजीवांनी प्रकाशसंश्लेषणातून सोडलेला. पण हवेत आला म्हणून खोल समुद्रात लगेच पोचला नाही. खाली लोह, वर थोडा ऑक्सिजन, असं बराच काळ चाललं. खालचं पाणी उथळ भागाकडे वर आलं की त्यातलं लोह गंजून खाली बसे. ऑक्सिजन न सोडणारे, थेट लोहावर जगणारे प्रकाशसंश्लेषी जीवाणूही आहेत, त्यांचाही यात हात असावा असं मानतात. ग्वाल्हेरचा खडक या उत्तरार्धातला. १८० कोटी वर्षांच्या आसपास असे लोहखडक बनणं जगभर जवळजवळ थांबलं. पुढे सुमारे ७० कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वी बर्फाने मढली होती त्या काळाच्या जवळ, ते थोडे पुन्हा बनले आणि मग संपले.

सिलिकेचं असं, की आज समुद्रातले डायटम, रेडिओलेरियन, स्पंज सिलिका ओढून आपले सांगाडे बांधतात, त्यामुळे पाण्यात ती फार कमी उरते. तेव्हा हे जीव नव्हते. पाणी सिलिकेने भरलेलं, ती आपोआप बसत राहायची. लोहाचा पुरवठा मात्र कमीजास्त व्हायचा, म्हणून पट्टे. एवढं धरून चाल. पट्ट्यांची लय नेमकी कशाने ठरली, ऋतूंनी की तापमानाने की गरम झऱ्यांच्या भरती-ओहोटीने, यावर अजून वाद चालू आहे. ऑस्ट्रेलियातल्या हॅमर्सली भागात एक-एक पट्टा कित्येक किलोमीटरपर्यंत तसाच्या तसा सापडतो, म्हणजे कारण काहीही असो, ते संपूर्ण समुद्राला लागू होतं.

आणि एक गोष्ट बघ. ग्वाल्हेरच्या लोहपट्ट्यांत वाळूचा कण शोधून सापडत नाही, पण त्यांच्याखालच्या थरांत वाळूच वाळू आहे. भूवैज्ञानिक सी. ए. हॅकेट यांनी १८७० साली ग्वाल्हेरच्या भूरचनेवर लिहिलं, तेव्हापासून इथल्या खडकांचे दोन भाग करतात. खालचा 'पार', मुख्यतः वालुकाश्म. वरचा 'मोरार', म्हणजे तुझं मुरार: त्यात शेल, चर्ट, चुनखडक, ज्वालामुखीचे काळे खडक आणि हे लोहाचे पट्टे. पारची वाळू कुठून आली? बुंदेलखंडाच्या ग्रॅनाइट आणि नाइसवरून झिजून. पारचे थर बसलेत तेही त्याच जुन्या जमिनीवर. तो नाइस ३३० कोटी वर्षांच्याही पलीकडचा, ग्रॅनाइट सुमारे २५० कोटींचा. मग समुद्र आत आला, किनारा लांब गेला, वाळू इथपर्यंत पोचेना, आणि त्या शांत पाण्यात लोह बसलं. म्हणजे ज्या दोन दगडांची आपण तुलना करतोय, त्यातला एक दुसऱ्याच्या खाली आहे आणि त्याच्याच झिजेची वाळू मधल्या थरात आहे.


अकरावी विज्ञान

धन्यवाद ताई. आमच्या पुस्तकात गाळाचे खडक म्हणजे वालुकाश्म, शेल, चुनखडक, एवढंच आहे. लोहाचं कुणी सांगितलंच नाही, आणि ते आमच्या गावच्या नावाने आहे!


बाड्यावरचा

थोडं अवांतर. सांतऊ-पार भागात पूर्वी लोखंड गाळत असत, असं आजोबा सांगायचे. काही ठिकाणी काळे, जड, भोकांचे गोळे सापडतात. हे लोहखडक, की उल्का?


खाणकाका

बहुतेक लोहकीट, म्हणजे लोखंड गाळताना उरलेला मळ. त्या भागातल्या लोहखनिजाच्या खाणींची नोंद एकोणिसाव्या शतकातल्या भूवैज्ञानिक लिखाणातही आहे. लाकडी कोळशाच्या लहान मातीच्या भट्ट्या असत. त्यांत लोखंड पूर्ण वितळत नसे, मऊ गोळा खाली जमे आणि बाजूला कीट वाहून जाई. जवळून बघा: गोल बुडबुड्यांची भोकं, वाहून थिजल्याच्या सुरकुत्या, कधी आत अडकलेला कोळशाचा तुकडा. नैसर्गिक लोहखडकात बुडबुडे नसतात. उल्केतही सहसा नसतात.

या भट्टीवाल्यांना चर्टचा पट्टा चालत नसे. झिजून मऊ झालेले, लोहाने समृद्ध झालेले कप्पे शोधून ते खणत. त्यांची नजर आमच्या ड्रिलपेक्षा कमी नव्हती.


जयाजी चौक

थरांवरून आठवलं. तिघरा धरण १९१७ साली फुटलं, त्याचं कारण पायाचा दगड होता म्हणतात. तोही गाळाचा?


लष्करची लेक

हो, वालुकाश्म. सांक नदीवरचं ते दगडी धरण. पायाखालच्या वालुकाश्मात पाणी झिरपलं आणि भिंत सरकली, असं कारण दिलं जातं. खाली बरीच माणसं गेली. गाळाच्या खडकात थरांमधल्या फटी पाण्याला वाट देतात, आणि दोन थरांत चिखलाचा पातळ पापुद्रा असेल तर तो घसरडा होतो. चांगल्या, न कुजलेल्या नाइसवर पाया असेल तर ही भीती कमी, कारण दाणे एकमेकांत गुंतलेले असतात आणि पट्ट्यावरून तो सहज सुटत नाही. अभ्रक फार असेल तर मात्र तिथेही सावध राहावं लागतं. पाया खणताना खडकाचा प्रकार विचारतात तो यासाठी.


मुरारची माई

माझ्याकडे दोन तुकडे आहेत. एक सांतऊकडचा, लाल-काळा. दुसरा दिराने झाशीच्या बाजूने आणलेला, काळा-पांढरा. लोहचुंबक लावला तर दोन्हीला चिकटत नाही. मग सांतऊचा लोहखडक नाही का?


लष्करची लेक

माई, चुंबक न चिकटणं हा पुरावा नाही. हेमॅटाइटला साधा चुंबक धरत नाही, मॅग्नेटाइटलाच धरतो. त्यापेक्षा कस बघा, म्हणजे दगड घासल्यावर पडणाऱ्या रेघेचा रंग. बाथरूमच्या टाइलची मागची, चकाकी नसलेली बाजू घ्या आणि दगडाचा काळा पट्टा तिच्यावर घासा. काळाच घासायचा. चर्टचा पट्टा टाइलपेक्षा कठीण असू शकतो, तो टाइललाच ओरखडतो आणि पांढरी पूड पडते, ती टाइलची. तिच्यावरून काही ठरवू नका. काळ्या पट्ट्याची रेघ तांबूस विटकरी आली तर हेमॅटाइट. काळी आली तर मॅग्नेटाइट. पिवळट-तपकिरी आली तर गोथाइट, म्हणजे लोह पाण्याने बदललंय. झाशीच्या तुकड्याच्या काळ्या पट्ट्यात अभ्रक असेल तर रंगीत रेघ येणार नाही, आणि सुईने टोकरलं तर पापुद्रे सुटतील.

आणि जमलं तर घनता काढा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरे. आधी कोरड्या दगडाचं वजन. मग काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून काटा शून्यावर आणा आणि दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून धरा, तळाला लागू न देता. काटा जो आकडा दाखवेल तितक्या मिलिलिटर दगडाचं आकारमान. कोरडं वजन भागिले हा आकडा.


मुरारची माई

नातवाने करून दिलं.

सांतऊचा: कोरडा ६१२ ग्रॅम, पाण्यातला आकडा १८०. रेघ विटकरी.
झाशीचा: कोरडा ५४०, पाण्यातला २००. रेघ काहीच नाही. काळ्या भागातून सुईने चकचकीत पापुद्रे निघाले, पांढऱ्या भागात सपाट चमकणारे दाणे आहेत.


लष्करची लेक

माई, यापेक्षा चांगली मोजणी प्रयोगशाळेतही क्वचित होते.

झाशीचा २.७. पापुद्रे म्हणजे काळं अभ्रक, सपाट चमकणारे दाणे फेल्स्पार. नाइस.

सांतऊचा ३.४. त्यात फक्त चर्ट आणि हेमॅटाइट आहे असं धरू. चर्ट २.६५, हेमॅटाइट सुमारे ५.२५. मिश्रण ३.४ यायला आकारमानाने जवळपास २९ टक्के हेमॅटाइट हवं. ते जड असल्याने वजनात त्याचा वाटा ४५ टक्क्यांच्या आसपास जातो. शुद्ध हेमॅटाइटमध्ये ७० टक्के लोह असतं, म्हणजे तुमच्या दगडात साधारण ३१ टक्के लोह. जेम्स यांच्या १५ टक्क्यांच्या दुप्पट, आणि काकांनी सांगितलेल्या तीस टक्क्यांशी जुळणारं. पट्टेदार लोहखडक, ग्वाल्हेरचा.


खाणकाका

स्वयंपाकघरातल्या काट्यावर लोहाची टक्केवारी! माई, नातवाला माझ्याकडून शाबासकी सांगा. दगडात भेगा असतील तर तो पाण्यात जरा वेळ बुडवून हवेचे बुडबुडे जाऊ द्यावेत आणि मग आकडा घ्यावा, म्हणजे आणखी नेमका येईल.


पेठेतला भूगोल

माझ्याकडे भिलवाड्याच्या बाजूचा एक नाइससारखा पट्टेदार तुकडा आहे. त्यात ज्वारीच्या दाण्याएवढे गडद लाल गोळे आहेत. हा लाल रंग लोहाचा? म्हणजे हाही लोहखडक?


लष्करची लेक

ते गोळे गार्नेट असणार. भिलवाडा त्यासाठी प्रसिद्धच आहे. बहुधा अल्मंडाइन जातीचं, म्हणजे त्यात लोह आहेच, पण ते ॲल्युमिनिअम आणि सिलिकेबरोबर स्फटिकात बांधलेलं. टाइलवर घासलंत तर विटकरी रेघ येणार नाही. गार्नेट टाइललाच ओरखडेल. भिंगातून बघा, पूर्ण वाढलेला दाणा असेल तर चौकटीच्या पतंगासारखे बारा पैलू मोजता येतील. आणि अभ्रकाचे पापुद्रे त्याला वळसा घालून जातात का तेही बघा. तसं असेल तर तो दाणा वाढल्यावरही खडक दाबला जात होता.

त्यात पांढऱ्या काडीसारखे, रेशमी धाग्यांचे जुडगे दिसले तर फोटो नक्की टाका. ते सिलिमनाइट असू शकेल. गार्नेट, अभ्रक आणि सिलिमनाइट तिन्ही एकत्र सापडले, तर तुमचा नाइस मुळात समुद्राच्या तळाचा चिखल होता असं बऱ्याच खात्रीने म्हणता येईल.